साऱ्यांना एकदम दिसणारे घनचित्र

हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करून पाहा. दोन्ही हातांत एकेक पेन्सिल आडवी धरा, हात पुढे लांबवा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलींची टोके एकमेकांस भिडविण्याचा यत्न करा. बहुधा एक टोक दुसऱ्याच्या मागून किंवा पुढून निसटून जाईल. आता दोन्ही डोळे उघडून तेच करा. टोके सहज भिडतील. निसर्गाने आपणांस दोन डोळे दिले ते केवळ एक निकामी झाल्यास दुसरा हाताशी असावा म्हणून नव्हे. जगाची खोली मोजण्याचे ते एक अत्यंत नाजूक साधन आहे.

ही खोली चित्रात कशी आणावी, या प्रश्नामागे शास्त्रज्ञ जवळजवळ दोन शतके लागलेले आहेत. आणि ती चित्रात आणली तरी घरातील सर्व माणसांना, डोळ्यांवर काहीही न चढविता, एकाच वेळी, ज्याच्या त्याच्या जागेवरून कशी दाखवावी, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. आजोबा आरामखुर्चीत बसलेले, मुले जमिनीवर लोळत असलेली, आई हातातले काम न टाकता दाराशी क्षणभर टेकलेली, असे आपले घर असते. त्या सर्वांना पुरेल असा पडदा अद्याप बाजारात मुबलक मिळत नाही; परंतु त्याच्या दिशेने बरीच वाट चालून झाली आहे. ती कुठवर आली, कोठे अडली, आणि ‘होलोग्राम’ या नावाखाली आपणांस पुष्कळदा भलतेच काही कसे दाखविले जाते, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

दोन डोळे, दोन चित्रे

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारणपणे साडेसहा सेंटिमीटरांचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरची वस्तू किंचित वेगळ्या बाजूने दिसते. मेंदू ही दोन चित्रे जुळवितो आणि त्यांतील फरकावरून कोणती वस्तू जवळ व कोणती दूर, हे ठरवितो. १८३८ साली इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे रहस्य उलगडले. त्यांनी दोन आरशांचे एक यंत्र केले. एका आरशातून डाव्या डोळ्याला एक रेखाचित्र व दुसऱ्यातून उजव्या डोळ्याला दुसरे रेखाचित्र दिसे, आणि पाहणाऱ्यास कागदावरील रेघांऐवजी एक घन आकृती समोर उभी राहिलेली भासे. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याचे भिंगांचे सुटसुटीत रूप तयार केले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते राणी व्हिक्टोरियाच्या पसंतीस उतरले आणि घराघरांतील दिवाणखान्यांत जाऊन बसले.

आपल्या देशात ही गंमत मोठ्या पडद्यावर आली ती १९८४ साली, ‘माय डिअर कुट्टिचात्तन’ या मल्याळम चित्रपटाने. भारतातील हा पहिला त्रिमितीय चित्रपट. ‘छोटा चेतन’ या नावाने तो पुढे हिंदीतही आला. चित्रपटगृहाच्या दाराशी मिळणारा तो चष्मा आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रे टाकलेली असतात, आणि चष्म्याची एक काच एक चित्र अडविते तर दुसरी काच दुसरे.

ही युक्ती चित्रपटगृहात शोभते, घरात मात्र अडचणीची होते. ज्यांना आधीच चष्मा आहे त्यांना चष्म्यावर चष्मा चढवावा लागतो. शिवाय सर्व प्रेक्षक, कोठेही बसलेले असोत, तीच दोन चित्रे पाहतात. खऱ्या झाडापुढे आपण मान डावीकडे कलविली तर खोडाआडची फांदी दिसू लागते. इथे कितीही वाकून पाहिले तरी नवे काही दिसत नाही. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वस्तू नाकाशी आल्याचा भास होतो तेव्हा दोन्ही डोळे आत वळतात, परंतु डोळ्यातील भिंगाला मात्र दूरच्या पडद्यावरच नजर रोखून धरावी लागते. एरवी एकमेकांच्या हातात हात घालून चालणाऱ्या या दोन क्रिया येथे परस्परांस ओढू लागतात. पुष्कळांचे डोके दुखते ते यामुळे.

गजांच्या खिडकीतून

चष्मा डोळ्यांवरून काढून पडद्यावरच बसवावा, ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक आइव्ह्ज यांनी १९०३ साली तिचे पेटंट मिळविले. गजांच्या खिडकीतून बाहेर पाहताना आपण जागा बदलली की एका गजाआडचे दृश्य झाकले जाते आणि दुसरे उघडे होते. आइव्ह्ज यांनी हेच केले. चित्राच्या अरुंद उभ्या पट्ट्या पाडून एकीआड एक अशा डाव्या व उजव्या डोळ्यासाठी मांडल्या, आणि त्यांच्यापुढे बारीक उभ्या काळ्या रेघांची काच बसविली. रेघांमधील फटींतून डाव्या डोळ्याला केवळ डाव्या पट्ट्या दिसत, उजव्याला केवळ उजव्या.

जत्रेत व देवस्थानांच्या बाहेरील दुकानांत रेघोट्यांच्या प्लास्टिकची चित्रे मिळतात, तीही याच कुळातली. एका बाजूने पाहिले तर गणपती, जरा सरकले तर लक्ष्मी! तेथे फटींच्या जागी अतिशय अरुंद अशी उभी भिंगे असतात आणि प्रत्येक भिंग आपल्याखालील पट्ट्यांचा प्रकाश वेगवेगळ्या दिशांना पाठविते.

२०११ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘थ्रीडीएस’ हे हातात धरावयाचे खेळयंत्र विक्रीस काढले. त्याच्या पडद्यात आइव्ह्ज यांचीच युक्ती होती. चष्मा नको होता, हे खरे; पण यंत्र अगदी समोर, ठराविक अंतरावर धरावे लागे, आणि शेजारी बसलेल्या भावंडाला पुसट दुहेरी चित्राखेरीज काही दिसत नसे. चष्म्याचा प्रश्न सुटला, पण पाहणारा एकटा पडला.

भिंगांचा पडदा आणि वाटणीचा हिशेब

अनेकांना एकदम दाखवावयाचे तर दोन चित्रे पुरत नाहीत. प्रत्येक दिशेसाठी एक, अशी पुष्कळ चित्रे लागतात. १९०८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गाब्रिएल लिपमन यांनी हा मार्ग सुचविला. माशीच्या डोळ्याप्रमाणे असंख्य चिमुकल्या भिंगांचा पत्रा करावा, त्याने फोटो घ्यावा, आणि त्याच भिंगांतून तो पाहावा. प्रत्येक भिंगाखाली समोरील देखाव्याचे, त्या जागेवरून दिसणारे, एकेक लहान चित्र उमटेल आणि पाहताना सर्वांचा प्रकाश मिळून मूळ देखावा पुन्हा उभा राहील. लिपमन यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. ते मात्र रंगीत छायाचित्रणाच्या निराळ्या शोधासाठी.

लिपमन यांच्या काळी अशी भिंगे घडविणे फार कठीण होते. आज ते साधते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील ‘लुकिंग ग्लास’ या कंपनीने २०१८ साली असा एक पडदा पुढे आणला. तो एकाच देखाव्याची ४५ चित्रे, सुमारे ५० अंशांच्या पंख्यात पसरून, निरनिराळ्या दिशांना पाठवितो. पंख्यात उभा असलेला प्रत्येक जण आपापल्या बाजूने वस्तू पाहतो. डावीकडच्याला बाहुलीचा एक कान दिसतो, उजवीकडच्याला दुसरा.

परंतु येथे वाटणीचा प्रश्न उभा राहतो. उत्तम प्रतीच्या, ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या पडद्यावर आडवे ३,८४० व उभे २,१६० असे एकूण सुमारे ८३ लाख चित्रबिंदू असतात. ते ४५ चित्रांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १ लाख ८४ हजार येतात. म्हणजे पडदा आजचा, पण प्रत्येक चित्राची स्पष्टता जुन्या टेलिव्हिजनहूनही कमी! पंगत वाढली आणि वाढप मात्र तेवढेच राहिले, तर प्रत्येकाच्या पानावर थोडेच पडणार.

दुसरा हिशेब अंतराचा. ५० अंशांचा पंखा एक मीटरवर सुमारे ९३ सेंटिमीटर रुंद होतो. तेथे दोन माणसे खेटून बसू शकतील. त्या ठिकाणी प्रत्येक चित्राची पट्टी दोन सेंटिमीटरांची असते, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांत निश्चितपणे निरनिराळी चित्रे जातात. तीन मीटरवर पंखा पावणेतीन मीटरांहून थोडा अधिक रुंद होतो. आता घरातील सर्वांना जागा मिळाली. पण पट्टीही सव्वासहा सेंटिमीटरांची झाली, जवळजवळ डोळ्यांमधील अंतराइतकीच. त्यापलीकडे दोन्ही डोळ्यांत एकच चित्र जाऊ लागते आणि खोली विरून जाते. म्हणून अधिक माणसांसाठी अधिक चित्रे हवीत, आणि अधिक चित्रांसाठी अधिक चित्रबिंदू. हे चक्र कोणालाही चुकलेले नाही.

यावर एक तोड अशी, की पडद्यावर कॅमेरा बसवावा, पाहणाऱ्यांचे डोळे कोठे आहेत ते हुडकावे, आणि तेवढ्याच दिशांना प्रकाश पाठवावा. रिकाम्या खुर्चीसाठी चित्र कशाला खर्चावे? गूगल कंपनीने २०२१ साली जाहीर केलेल्या ‘स्टारलाइन’ यंत्रात ही पद्धत आहे. दूरच्या गावचा माणूस काचेपलीकडे प्रत्यक्ष बसला आहे असे त्यात वाटते. पण ते समोर बसणाऱ्या एका माणसासाठीच केलेले आहे. माणसे वाढली की यंत्राचे कामही त्याच प्रमाणात वाढते.

प्रकाशाचीच नोंद

आतापर्यंतच्या सर्व युक्त्या चित्रांच्या आहेत. होलोग्रामची जात निराळी. तो चित्राची नव्हे, तर वस्तूकडून निघालेल्या प्रकाशलहरींचीच नोंद ठेवितो.

हंगेरीत जन्मलेले डेनिस गाबोर हे १९४७ साली इंग्लंडमध्ये रग्बी येथील एका विद्युत् कारखान्यात संशोधन करीत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र अधिक स्पष्ट कसे करावे, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना त्यांना होलोग्राफीची कल्पना सुचली. विहिरीत दोन खडे टाकले असता दोन्हींच्या लहरी एकमेकींत मिसळून एक ठराविक नक्षी उमटते. तसेच वस्तूवरून परतलेला प्रकाश आणि सरळ आलेला प्रकाश एका काचेवर एकत्र आणले, तर अतिसूक्ष्म रेषांची नक्षी तेथे नोंदली जाते. पुढे त्या काचेवर पुन्हा तसाच प्रकाश टाकला, की वस्तूकडून निघालेली मूळ लहर जशीच्या तशी पुन्हा चालू लागते. वस्तू नसते, पण तिचा प्रकाश असतो.

यासाठी अत्यंत शिस्तबद्ध प्रकाश लागतो. तो १९६० साली थिओडोर मेमन यांनी लेसर निर्माण केल्यावर लाभला. १९६२ पासून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ व युरिस उपाटनिएक्स यांनी आणि लेनिनग्राडमध्ये यूरी डेनिस्युक यांनी या विद्येला नवे वळण दिले. मिशिगनच्या जोडीने १९६४ साली खेळण्यातील आगगाडीचा होलोग्राम शास्त्रज्ञांच्या सभेत मांडला, तेव्हा काचेमागे खरोखरीची गाडी नाही यावर पाहणाऱ्यांचा विश्वास बसेना. गाबोर यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा काचेपुढे दहा माणसे उभी राहिली तरी प्रत्येकास आपल्या जागेवरचे दृश्य दिसते; वर-खाली, डावी-उजवीकडे कोठूनही. डोळ्यातील भिंगही त्या वस्तूवरच नजर रोखते, त्यामुळे मघाशी सांगितलेली ओढाताण होत नाही. काच फुटली तरी प्रत्येक तुकड्यात पूर्ण देखावा असतो. खिडकी लहान झाली, एवढेच. बँकेच्या कार्डावर व मतदार ओळखपत्रावर जी चकाकणारी रंगीत चिकटपट्टी आपण पाहतो, ती याच विद्येची नम्र पण उपयुक्त संतती आहे.

मग अडले कोठे?

स्थिर होलोग्राम साधला. हलता साधणे मात्र अत्यंत कठीण. प्रकाशाला ३० अंशांपर्यंत दोन्ही बाजूंस वळवावयाचे तर पडद्यावरील नक्षीचा प्रत्येक बिंदू सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा असावा लागतो. ५० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशा पडद्यावर असे साठ हजार कोटी बिंदू होतील. वर सांगितलेल्या फोर-के पडद्याच्या मानाने हे ७० हजार पटींहून अधिक आहेत. आणि प्रत्येक बिंदूची स्थिती सेकंदाला अनेक वेळा हिशेब करून बदलावयाची!

तरीही प्रारंभ झाला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत स्टीफन बेंटन व त्यांचे सहकारी यांनी १९८९ च्या सुमारास हलता होलोग्राम दाखविला. तो इंचभराचा होता. त्यात स्फटिकातून ध्वनिलहरी सोडून प्रकाश वळविला जाई. वाचकांस हे वाचून आनंद होईल, की ध्वनिलहरींमुळे प्रकाश कसा विखुरतो याची मूलभूत गणिती मांडणी १९३५–३६ या काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन व एन. एस. नागेंद्रनाथ यांनी केली होती. पन्नासहून अधिक वर्षांनी एका निराळ्याच खंडात ती विद्याशाखा घनचित्राच्या कामी आली. शुद्ध ज्ञानाचे फळ कोणत्या ऋतूत आणि कोणाच्या अंगणात पडेल, हे आधी सांगता येत नाही.

नावाची गल्लत

आता थोडे सावधगिरीचे. २३ जानेवारी २०२२ रोजी नवी दिल्लीत इंडिया गेटजवळ नेताजी सुभाषचंद्र बोस यांची २८ फूट उंच प्रकाशमूर्ती उभी राहिली. तिला होलोग्राम म्हटले गेले. पारदर्शक पडद्यावर प्रखर प्रक्षेपकाने टाकलेले ते भव्य चित्र होते. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला तेथे पाषाणाची मूर्ती विराजमान झाली. प्रसंग गंभीर होता, दृश्यही मनोवेधक होते. पण शास्त्राच्या अर्थाने तो होलोग्राम नव्हे. रंगमंचावर दिवंगत गायकांना पुन्हा उभे करणारे पुष्कळसे प्रयोगही १८६२ साली लंडनमध्ये जॉन पेपर यांनी लोकप्रिय केलेल्या तिरक्या काचेच्या युक्तीचेच वंशज आहेत. दुकानांच्या दर्शनी काचेत गरगर फिरणाऱ्या दिव्यांच्या पात्यांवर दिसणारे दागिने तर केवळ दृष्टीच्या रेंगाळण्याचा खेळ होय.

खरे-खोटे ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. एक डोळा मिटा आणि मान हलवून पाहा. पुढची वस्तू मागच्या वस्तूवरून सरकते काय? मग दुसऱ्या कोणास दूर उभे करून विचारा, त्याला दुसरी बाजू दिसते काय? दोन्ही उत्तरे ‘नाही’ अशी आली, तर समोर आहे ते सपाट चित्र. त्याची मौज जरूर घ्यावी. पण त्यासाठी होलोग्रामची किंमत मोजू नये.

घरातील डोळ्यांसाठी

या विषयातून प्रत्येक कुटुंबास घेण्याजोगी एक गोष्ट आहे. चष्म्याच्या त्रिमितीय चित्रपटात सर्वांना खोली दिसते आणि एखाद्या मुलाला मात्र ‘काहीच वेगळे दिसत नाही’, असे झाले तर त्याला हसू नका. कदाचित त्याचा एक डोळा दुर्बल असेल आणि मेंदूने त्याचे चित्र वापरणेच सोडून दिले असेल. ज्याला बोलीत ‘आळशी डोळा’ म्हणतात तो हाच विकार. लहान वयात, चांगला डोळा काही काळ झाकून व योग्य चष्मा देऊन, त्यावर पुष्कळदा चांगला उपचार होतो. वय वाढले की तो कठीण होत जातो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवावे.

आणि ज्यांना एकाच डोळ्याने दिसते, त्यांना चष्म्याच्या चित्रपटाने काहीच दिले नाही. पण खऱ्या होलोग्रामपुढे मान हलविताच त्यांनाही खोली जाणवते. साऱ्यांसाठी असलेला पडदा याचा हाही एक अर्थ आहे.

एकत्र पाहण्याचे मोल

या पडद्यांचा उपयोग केवळ करमणुकीचा नाही. इस्रायलमधील एका मुलांच्या रुग्णालयात आठ रुग्णांच्या हृदयोपचारांच्या वेळी त्यांच्या हृदयाची प्रतिमा डॉक्टरांपुढे हवेत तरंगती दाखविण्यात आली, असे २०१३ साली जाहीर झाले. शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ आणि शिकाऊ विद्यार्थी यांनी एकाच हृदयाभोवती उभे राहून बोट दाखवीत विचारविनिमय करावा, हे यापुढचे स्वप्न आहे. तेथे प्रत्येकाने डोळ्यांवर पेटी बांधून एकमेकांच्या चेहऱ्यास मुकणे परवडणारे नाही.

मात्र याच विद्येचे दुसरे एक टोक आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटच्या विमानतळावर एक पडदा बसविण्यात आला. त्याच्यापुढे सुमारे शंभर प्रवासी एकाच वेळी उभे राहिले तरी प्रत्येकास केवळ आपल्याच विमानाची माहिती, आपल्या भाषेत दिसते. शेजाऱ्याची दिसत नाही. सोय मोठी आहे. पण त्यासाठी कोण कोठे उभा आहे, यावर यंत्राला सतत नजर ठेवावी लागते. असा पडदा उद्या आपल्या माजघरात आला, तर एकाच भिंतीपुढे बसून घरातील प्रत्येक जण निराळेच काही पाहत राहील, आणि पडदा मात्र त्या सर्वांना पाहत राहील. तो आपणांस हवा आहे काय, हे विकत घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून ठरविण्याची गोष्ट आहे.

देव्हाऱ्यातील समई कोण पाहते आहे, हे विचारीत नाही. तिचा प्रकाश साऱ्या घरात पसरलेला असतो. ज्याने त्याने आपल्या जागेवरून तो पाहावा. गाबोर यांच्या काचेतील प्रकाश तसाच आहे. तो हलू-बोलू लागेल, मोठा होईल आणि स्वस्तही होईल, त्या दिवसाची वाट पाहण्यास हरकत नाही. तोवर लेखाच्या आरंभी सांगितलेला पेन्सिलींचा खेळ आज रात्रीच्या जेवणानंतर मुलांबरोबर अवश्य खेळा. त्याला वीज लागत नाही, आणि तो साऱ्यांना एकदम दिसतो.